मदत हवी आहे: एमटी-१५, टेल टायडी आणि पाठीवरचा तांबडा पट्टा

नमस्कार मंडळी,

गाडी यामाहा एमटी-१५, २०२२ची, व्हर्जन २. रोज मालगुंडहून निघून गणपतीपुळे, नेवरे, आरे-वारे करत रत्नागिरीला मिरजोळे एमआयडीसीत कामाला जातो, संध्याकाळी त्याच वाटेने परत. हिवाळ्यात ही गाडी म्हणजे निव्वळ सुख. वजन १४० किलोच्या आसपास, आऱ्याच्या चढाला ७,४०० आरपीएमवर व्हीव्हीए (इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेगानुसार बदलणारी यंत्रणा) लागलं की १५५ सीसीची गाडी आहे हे विसरायला होतं.

दिवाळीत हौस आली. मागचं लांबलचक मडगार्ड काढून टेल टायडी (नंबरप्लेट धरणारी आखूड पट्टी) बसवला. नंबरप्लेट सीटखाली गेली, मागचं १४०चं (मिमी रुंदीचं) टायर उघडं पडलं, गाडी झकास दिसायला लागली. आई तेवढी म्हणाली, "लोक पैसे देऊन मडगार्ड बसवतात, तू पैसे देऊन काढून आणलंस?"

मिरगाचा पाऊस लागला आणि आईचं म्हणणं पाठीवर उमटलं. कमरेपासून मानेपर्यंत तांबडा पट्टा! धो धो पाऊस असला तर रेनकोट खराब होतो, ते चालेल. पण पाऊस थांबून रस्ता ओला असला की रेनकोट डिकीविना गाडीवर बांधलेला आणि जांभ्याचा चिखल थेट शर्टावर. तो डाग निरम्याला दाद देत नाही. जुनं मडगार्ड परत बसवावं म्हणून दुकानात गेलो, तर ते म्हणे भंगारात गेलं.

विचारायचं ते असं. टायर हगर (टायरला लागून बसणारं छोटं मडगार्ड) बसवला तर पाठ वाचेल का? की मूळ मडगार्डच विकत घ्यावं लागेल?

दुसरं, चेन. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. रविवारी केरोसीनने धुऊन ९० नंबरचं गिअर ऑइल लावतो, बुधवारी लिंकांवर गंज. आऱ्याजवळ वाऱ्याने रस्त्यावर येणारी रेती त्या तेलाला चिकटते ती वेगळीच.

तिसरं, एक मित्र म्हणतो मागे १५०चं टायर टाक, ग्रिप वाढेल. खरं आहे का?

प्रतिसाद: खाडीपल्याड

हगरने पाठ वाचणार नाही. तो टायरच्या पुढच्या-वरच्या भागाला कवेत घेतो, म्हणजे शॉकअपवर आणि इंजिनामागे उडणारा चिखल अडतो. तुमच्या पाठीवरचं पाणी टायरच्या मागच्या बाजूने वर फेकलं जातं आणि चालत्या गाडीवर तुमच्या पाठीमागे जी पोकळी होते तिच्यात ओढलं जातं. ते अडवायला मागे लांब पट्टीच हवी. मडगार्ड घ्या, हगरही ठेवा, खाऱ्या हवेत शॉकअप वाचतो.

गिअर ऑइल वाईट नाही, पण पाऊस ते धुऊन नेतो आणि रेती मिसळली की त्याचा पॉलिश पेपर होतो. पावसाळ्यात आठवड्याला एकदाच जोरात लावण्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी थोडं. घरी आल्यावर चेन गरम असतानाच, आतल्या बाजूने, मग फडक्याने जादाचं पुसायचं. आणि धुतल्यावर दहा मिनिटं गाडी फिरवून पाणी उडवा, ओल्या चेनवर तेल लावणं म्हणजे गंज झाकून ठेवणं.

१५०च्या नादी लागू नका. मूळ रिमवर त्याचा आकार दबतो, वळताना बिथरतं. शिवाय साचलेल्या पाण्यावर रुंद टायर जास्त तरंगतं. १४०च राहू दे, फक्त नक्षी झिजली की पावसाआधी बदला.

जाता जाता: मूळ गाडीत फेरफार हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा मामला आहे, २०१९च्या दुरुस्तीत फेरफारामागे ५,००० रुपये दंड आला. हातखंब्याला पोलीस उभे असतात, सांगून ठेवतो.

धागाकर्ता

आभार! मडगार्डची ऑर्डर दिली, आठवडा लागेल म्हणाले. तोवर ऑइलच्या ५ लिटरच्या कॅनचा काप करून नंबरप्लेटखाली केबल टायने बांधलाय. दिसतो भयाण, पण काल शर्ट पांढरा घरी आला. १५०चा विषय बंद.

एकच राहिलं: रात्री गाडीवर कव्हर टाकावं का? झाकली की आत घाम धरतो, उघडी ठेवली की खारा वारा. समुद्राकाठचे लोक काय करता?