सिंथमधला १६×२ एलसीडी: वरच्या ओळीत नुसते चौकोन

प्रश्न: घरी बनवलेल्या सिंथमध्ये (सिंथेसायझर) आर्डुइनो नॅनोला (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) १६×२ एलसीडी (१६ अक्षरांच्या दोन ओळींचा डिस्प्ले) चार-बिट पद्धतीने, म्हणजे चारच डेटा वायरींनी, जोडलाय. वरच्या ओळीत काळे चौकोन, अक्षर एकही नाही. शिवाय बॅकलाइट मंद केला की ऑडिओत गुणगुण. काय तपासू?

उत्तर १: चौकोन दिसतायत म्हणजे सप्लाय आणि कॉन्ट्रास्ट ठीक; डिस्प्ले इनिशियलाइज होत नाहीये. एलसीडीची पिन ५ (आरडब्ल्यू, वाचणं/लिहिणं ठरवणारी) ग्राउंडला आहे ना? बरेचदा तीच लोंबकळत असते. मग एलसीडीच्याच बाकीच्या पिना बघा: आरएस (कमांड की अक्षर ते सांगणारी) ४, इनेबल ६, डेटा ११ ते १४. ७ ते १० मोकळ्या.

उत्तर २: गुणगुण पीडब्ल्यूएमची (बॅकलाइट वेगाने चालू-बंद करून मंद करण्याची पद्धत), नॅनोवर बहुतेक पिनांना ४९० हर्ट्झ, म्हणजे थेट कानात! बॅकलाइट रेझिस्टरवर सरळ चालवा. एलसीडीची ग्राउंड वायर ऑडिओ बोर्डावरून नेऊ नका, थेट सप्लायला न्या. एलसीडीच्या पिन १-२ वर (सप्लायच्या) १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

उत्तर १: आणि सोबत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिकही, मॉड्यूलला अगदी चिकटून.