गड्ड्याच्या यात्रेचे दालन: नंदीध्वजांशिवाय काय मांडावे?

प्रश्न
आमच्या शाळेतील एक मोठी खोली यंदा मोकळी झाली असून तेथे सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या यात्रेचे, म्हणजेच गड्ड्याच्या यात्रेचे, छोटे कायमस्वरूपी दालन उभारावे, असे आम्हा शिक्षकांनी ठरवले आहे. बेल्जियममधील बँश या गावात कार्निव्हल आणि मुखवट्यांचे संग्रहालय १९७५ पासून आहे, हे वाचून ही कल्पना सुचली. अडचण अशी की, यात्रेचे सातही नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीत उभ्या पेलून नेल्या जाणाऱ्या उंच सजवलेल्या काठ्या, पूजेतले आहेत. ते मागता येणार नाहीत आणि मागूही नयेत. थर्माकोलच्या प्रतिकृती करायला मन धजत नाही. मग मांडावे काय?

उत्तर १
बँशचे संग्रहालय मी पाहिले आहे. ते एका जुन्या विद्यालयाच्या इमारतीत आहे, त्यामुळे आपली खोली शोभेलच! तेथील कार्निव्हलचा मानकरी म्हणजे ‘जील’. त्याच्या पोशाखात पेंढा भरलेला असतो, मेणाचा मुखवटा तो केवळ कार्निव्हलच्या मंगळवारी सकाळी चढवतो आणि दुपारी शहामृगाच्या पिसांची उंच टोपी घालून लोकांकडे संत्री फेकतो. हा वेश गावाबाहेर मिरवायचा नाही, असा तेथे दंडक आहे. संग्रहालयात पोशाख दिसतो खरा, पण तो कोण, कधी आणि का घालतो हे कळल्यावरच त्याला अर्थ येतो. आपल्याकडेही बाराबंदी (यात्रेत घालायचा बंदांचा पांढरा अंगरखा) नुसती टांगून ठेवली, तर ते कपड्यांचे दुकान वाटेल.

उत्तर २
मी काही वर्षे नंदीध्वज पेलला आहे, म्हणून लिहितो. खालून पाहणाऱ्याला शेंडा स्थिर दिसतो, पण पेलणाऱ्याचे सारे लक्ष वाऱ्याकडे आणि पावलाकडे असते. होमाच्या दिवशी काठीला नागफणा (नागाच्या फण्याची प्रतिमा) बांधल्यावर भार वर सरकतो आणि आदल्या दिवशी जमलेला तोल पुन्हा नव्याने साधावा लागतो. ही गोष्ट कपाटात मावत नाही. यात्रेआधीच्या सरावाचे चित्रण करा, जुन्या मंडळींचे बोलणे ध्वनिमुद्रित करा आणि एक साधा बांबू वरून दोरीने सुरक्षित अडकवून ठेवा, म्हणजे मुले तो उभा धरून पाहतील. यात्रेच्या शेवटी कप्पडकळीच्या विधीत नंदीध्वजांची वस्त्रे उतरवली जातात. त्यांपैकी एखादे देता येईल का, हे मानकऱ्यांना रीतसर विचारावे. नाही म्हणाले तर विषय तिथेच सोडावा.

उत्तर ३
वरील सूचना उत्तम आहेत. माझा आग्रह फलकांच्या भाषेबद्दल आहे. यण्णीमज्जन म्हणजे तेलाचे स्नान आणि कप्पडकळी म्हणजे वस्त्र उतरवणे, हे दोन्ही शब्द कन्नड आहेत. स्वतः सिद्धरामेश्वरांची वचनेही कन्नडच. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, भोगीला संमती कट्ट्यावरील विवाहाच्या अक्षता, संक्रांतीला होम, नंतर शोभेचे दारूकाम हा क्रम मराठीत लिहिताना त्याखाली कन्नड आणि तेलुगू मजकूरही असावा, कारण शहराच्या पूर्वभागातले (तेलुगू भाषक वस्तीतले) आजी-आजोबा नातवंडांना तो वाचून दाखवतील. अक्षतेच्या फलकावर कुंभारकन्येची कथा सविस्तर द्यावी. सिद्धरामेश्वरांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावून दिला, हे ठाऊक नसेल तर नंदीध्वजाच्या काठीला बाशिंग का बांधतात, हे बाहेरगावच्या पाहुण्याला उमगणार नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. बांबूची कल्पना मुख्याध्यापकांना लगेच पटली, मात्र छताचा हुक आधी तपासून घेण्यास त्यांनी बजावले आहे. कन्नड मजकूर तपासून देणारे कोणी येथे असल्यास कृपया कळवावे.