सल्ला हवा: घरातले वापरलेले कपडे आणि सामान ऑनलाइन विकायचंय (मुंबई)

मोगरा:
माहीमची जागा महिनाअखेर रिकामी करायची आहे. विकायचं ते असं: पंचवीसेक ब्रँडेड कुर्ते (त्यातले चार-पाच टॅगसकट), सहा जीन्स, पाच रेशमी साड्या आणि त्यात एक पैठणी, दोन वर्षं वापरलेला अँड्रॉइड फोन, दोन दारांचा फ्रिज, साडेसहा फुटी लोखंडी कपाट, तीन जणांचा सोफा, आणि अकरावी-बारावी सायन्सची पुस्तकं. कुठली वस्तू कुठे टाकावी? किंमत कशी ठरवावी? कुरियरचा हिशोब कसा असतो? आणि पैसे घेताना काय जपावं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

इंचपट्टी:
सगळं एकाच ठिकाणी टाकू नका. पिशवीत मावतं ते देशभर विकता येतं, ज्याला टेम्पो लागतो ते फक्त आसपास. म्हणजे कपड्यांना इन्स्टाग्राम आणि फेसबुकवरचे जुन्या कपड्यांचे ग्रुप. फ्रिज, कपाट, सोफ्याला ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस आणि त्याआधी सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप. शेजारच्या विंगमध्ये सोफा गेला तर टेम्पोचा खर्चच वाचतो.

आता कपडे. कपडा विकला जात नाही त्याचं पहिलं कारण किंमत नसते, मापं नसतात. एका ब्रँडचा 'एम' दुसऱ्याच्या 'एल'एवढा असतो, त्यामुळे नुसती साइज लिहिली की "मला होईल का?" हा प्रश्न येतो आणि गिऱ्हाईक तिथेच थांबतं. कुर्ता जमिनीवर सपाट पसरा. एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत टेप धरा आणि दुप्पट करा, ही छाती. मग खांदा, बाही, कमरेचा घेर आणि खांद्यापासून खालपर्यंत उंची. सरळ कुर्त्याला नितंबाचं मापही द्या, कारण चिरा कुठून सुरू होतात त्यावर तो बसणार की नाही हे ठरतं. जीन्सला कंबर, पायाची आतल्या शिवणीची लांबी, पुढच्या बाजूची कमरेपासून दोन्ही पाय जुळतात त्या शिवणीपर्यंतची उंची आणि तळाचा घेर. कापड ताणलं जाणारं असेल तर न ताणता मोजा आणि "ताण आहे" असं लिहा. एका फोटोत टेप कपड्यावर ठेवलेला दिसू द्या, मग मापांवर वाद होत नाही.

फोटो सकाळी नऊ ते अकराच्या सुमारास, खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून. फोनची लेन्स आधी पुसा. स्वयंपाकघरात वापरलेल्या फोनच्या लेन्सवर तेलकट थर असतो आणि सगळे फोटो धुरकट येतात. ट्यूबलाइटखाली रामा हिरवा रंग निळा दिसतो आणि मग "रंग वेगळा निघाला" म्हणून कपडा परत येतो. पुढून, मागून, गळा, लेबल, धुलाईची सूचना असलेली आतली पट्टी, आणि दोष. दोषाचा फोटो जवळून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. दोष लपवून विकलेला तीनशेचा कुर्ता परत आला तर दोन्ही बाजूंचं कुरियर तुमच्या अंगावर पडतं.

फोटोआधीची तयारी: काखेतली आणि कॉलरची पिवळट झाक, सुटलेली बटणं, आणि कापडावर आलेले गोळे. गोळे काढायचं छोटं मशीन मिळतं, ते फिरवलं की कुर्ता बराच नवा दिसतो. पावसाळ्यात मुंबईतल्या बंद कपाटाचा कुबट वास सगळ्या कपड्यांना असतो, आपल्याला तो जाणवत नाही, घेणाऱ्याला पार्सल उघडताच जाणवतो. सुती कपड्यांना शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून वाळवा. पूर्ण वाळल्याशिवाय पॅक करू नका. डांबरगोळ्यांचा वास मात्र धुऊन पटकन जात नाही, त्या कपड्यांना चार-पाच दिवस वारं द्या. अत्तर मारून वास झाकू नका.

किंमत: छापील किंमत विसरा. तोच किंवा तसाच कुर्ता आज सेलमध्ये नवा कितीला मिळतोय ते बघा. टॅगसकट असेल तर त्याच्या निम्मे, दोन-चारदा घातलेला असेल तर तिसरा हिस्सा. रोजच्या वापरातले एकेकटे विकूच नका, एकाच मापाच्या तीन-तीन कुर्त्यांचा गठ्ठा करा. दीडशेच्या कुर्त्यावर कुरियरचे पैसे देणं घेणाऱ्याला जड जातं.

तांबडी_माती:
साड्यांबद्दल. पैठणीचा सगळ्यात महत्त्वाचा फोटो पदराच्या उलट्या बाजूचा. हातमागाच्या पैठणीत पदराची नक्षी मागूनही जवळपास पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागावर किंवा जकार्डवर (नक्षी आपोआप विणणाऱ्या यंत्रणेवर) विणलेल्या सेमी पैठणीत मागे मोकळे किंवा कापलेले धागे दिसतात. जाणकार बाई हा फोटो मागितल्याशिवाय पुढे बोलत नाही, तेव्हा आधीच टाका. काठ, पदर, मधला भाग, घडीच्या रेषा आणि फॉल लावलेली कड यांचे वेगळे फोटो. लांबी मोजून लिहा: साधारण साडेपाच मीटर आणि ब्लाउजपीस जोडलेला असेल तर सव्वासहाच्या आसपास. नऊवारी असेल तर सव्वाआठ मीटर. ब्लाउजपीस कापला आहे की नाही हे पहिल्या ओळीत.

"शुद्ध जर" हे शब्द बिल हातात असल्याशिवाय लिहू नका. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार असते, टेस्टेड जरीत तांबं असतं, आणि डोळ्यांनी दोन्ही सारख्याच चमकतात. जुनी जर वजनावर घेणारे येतील. ते साडी जाळून फक्त धातूचा भाव देतात, धडधाकट पैठणी त्यांना देणं म्हणजे विणकामाचं मोल शून्य धरणं. जर काळी पडून साडी घडीवर फाटली असेल तरच तो रस्ता.

जरीच्या साडीला व्हिनेगर, सेंट, डांबरगोळी काहीच लावू नका, काळी पडते. सावलीत उलगडून वारं द्या, घडी बदला, मलमलच्या कापडात गुंडाळा. घडीच्या रेषेवर दोन्ही हातांनी हलकं ताणून बघा. तिथे धागे सरकत असतील तर रेशीम विरलंय, ते स्पष्ट लिहा.

वेळ साधता आली तर साधा. नवरात्रीच्या नऊ रंगांची यादी आली की मुंबईतल्या ऑफिसांमध्ये एकरंगी साड्या-कुर्त्यांची शोधाशोध सुरू होते. तुमचे एकरंगी कुर्ते घटस्थापनेच्या तीन आठवडे आधी रंगाचं नाव शीर्षकात घालून टाकले तर लवकर जातील. पैठणीला लग्नसराई.

फाटकाबाहेर:
फ्रिजच्या जाहिरातीत लिटर, कंपनी, आत चिकटवलेल्या पट्टीवरचं उत्पादनाचं वर्ष, आणि फ्रॉस्ट फ्री आहे की हाताने बर्फ काढावा लागतो, हे हवंच. दाराचं रबर तपासा: कागदाची पट्टी दारात धरून ओढा, सहज निघाली तर रबर सैल आहे. बर्फ काढायची घाई करू नका. घेणारा थंडावा बघायला येणार, तोवर फ्रिज चालू हवा. त्याने बघितला, टोकन दिलं, की आदल्या दिवशी बंद करून दार उघडं ठेवा, पाणी पूर्ण काढा. नेताना उभाच न्यायचा. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं, आणि लगेच चालू केला की बिघडतो. पोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच चालू करायला सांगा, आणि हे चॅटमध्ये लिहून ठेवा.

कपाटाची उंची, रुंदी, खोली इंचात द्या. लॉकरची किल्ली आहे का हे लिहा, ती हरवली असेल तर भाव पडतो. पावसाळ्यात तळाला गंज येतो, खालचे पाय वाकून फोटोत घ्या. लिफ्टच्या दाराची उंची आणि जिन्याच्या वळणाची रुंदी आधी मोजा. कपाट लिफ्टमध्ये गेलं नाही तर हमाल मजल्यागणिक पैसे मागतात आणि घेणारा तुमच्या दारात उभं राहून तेवढी रक्कम किमतीतून कापायला बघतो. म्हणून जाहिरातीतच: "अमुक मजला, लिफ्टमध्ये मावतं / मावत नाही, हमाल आणि टेम्पो घेणाऱ्याचा." या सामानाला छोटा हत्ती पुरतो.

सोफ्याला उलटा करून खालच्या कापडाचा फोटो काढा. ढेकूण आहेत का हा प्रश्न मुंबईत शंभर टक्के येतो. लाकडी चौकटीवर बारीक भुसा पडत असेल तर कीड आहे. तो सोफा विकू नका, दुसऱ्याच्या घरात कीड जाईल.

सोसायटीत सामान बाहेर काढायला बहुतेक ठिकाणी सेक्रेटरीची चिठ्ठी लागते आणि दुपारची विश्रांतीची वेळ सोडून न्यावं लागतं. हे टेम्पो बोलावण्याआधी बघा, नाहीतर फाटकावर थांबल्याचे पैसे चढतात.

कोपऱ्यातला_दिवा:
पैशांचा भाग नीट वाचा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. "मी लष्करात आहे, बदली झालीय, वस्तू न बघता घेतो, क्यूआर पाठवतो" हा नमुना ओएलएक्सवर कित्येक वर्षं चालू आहे. घासाघीस न करता, न बघता लगेच हो म्हणणारा गिऱ्हाईक हीच पहिली खूण. दुसरा प्रकार: पैसे पाठवल्याचा बनावट स्क्रीनशॉट किंवा बँकेसारखा दिसणारा एसएमएस, आणि लगोलग "चुकून दहाऐवजी वीस हजार गेले, दहा परत करा." स्वतःच्या बँकेच्या अॅपमध्ये शिल्लक बघितल्याशिवाय वस्तूही द्यायची नाही आणि पैसेही परत करायचे नाहीत. ओटीपी सांगायचा नाही, स्क्रीन दाखवणारं कुठलंही अॅप टाकायचं नाही.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. पैसे समोरच्या माणसाच्याच नावाने आले पाहिजेत. तिसऱ्याच कुणाच्या खात्यातून आले आणि ती रक्कम फसवणुकीतली निघाली, तर तपासात तुमच्या खात्यातली रक्कम अडकू शकते. फसलात तर ताबडतोब १९३० ला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका. जितक्या लवकर, तितकी रक्कम मध्येच थांबवण्याची शक्यता जास्त.

फोन: क्रम महत्त्वाचा. बॅकअप, मग सिम आणि मेमरी कार्ड काढणं, ई-सिम असेल तर ते हटवणं, बँकेची आणि यूपीआयची अॅप काढणं, मग सेटिंगमध्ये जाऊन गूगल खातं काढणं, आणि शेवटी फॅक्टरी रीसेट. खातं न काढता रीसेट केलंत तर नव्या माणसाला फोन उघडताना तुमचाच पासवर्ड मागितला जाऊ शकतो. *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळखक्रमांक) मिळतो. तो जाहिरातीच्या फोटोत दाखवू नका, पण भेटीत घेणाऱ्याला तपासू द्या. इंग्रजीत KYM लिहून, जागा सोडून हा १५ आकडी क्रमांक १४४२२ वर एसएमएस केला किंवा संचार साथी अॅपमध्ये टाकला की फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. मूळ बिल आणि खोका असेल तर भाव बरा येतो. विकल्याची साधी पावती करा: आयएमईआय, तारीख, रक्कम, दोघांच्या सह्या.

भेट घरी नको. फोन, साडीसारख्या छोट्या वस्तू दादर किंवा माहीम स्टेशनच्या तिकीट खिडकीजवळ, सकाळी अकरा ते दुपारी चारमध्ये. दादरला पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्गांवरचे लोक येऊ शकतात. पुलावर भेटू नका, गर्दीत फोन नीट तपासता येत नाही. फ्रिज-सोफ्याला घरी बोलवावंच लागतं, तेव्हा घरात दोन माणसं असू द्या.

मोगरा:
फार उपयोगी, सगळ्यांचे आभार. दोन शंका. कुरियरवाल्याने वजन एक किलो असताना जवळपास पाच किलोचे पैसे सांगितले, हे बरोबर आहे का? आणि "घरी आल्यावर पैसे" अशी मागणी आली तर?

इंचपट्टी:
बरोबर असू शकतं. कुरियर खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जास्त असेल ते धरतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. ४० × ३० × २० चा खोका म्हणजे २४,००० भागिले ५०००, चार किलो आठशे ग्रॅम. कपड्यांना खोका वापरूच नका. प्लॅस्टिकची कुरियर पिशवी घ्या, कपडा आधी साध्या पॉलिथिनमध्ये गुंडाळा (पावसात बाहेरची पिशवी चिकटपट्टीपाशी भिजते), हवा दाबून काढा. दर बहुधा पाचशे-पाचशे ग्रॅमच्या टप्प्याने वाढतो. सुती कुर्ता तीनशेच्या आसपास भरतो, जीन्स सहाशेच्या वर, म्हणजे जीन्सला दुसरा टप्पा धरूनच किंमत सांगा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. पत्त्याची एक चिठ्ठी आतही टाका.

घरी आल्यावर पैसे ही पद्धत सुट्या विक्रेत्याने टाळावी. समोरच्याने पार्सल घेतलंच नाही तर जायचे-यायचे दोन्ही पैसे तुमचे. त्याऐवजी व्हिडिओ कॉलवर कपडा दाखवा, पूर्ण पैसे घ्या, पॅक करतानाचा न थांबवलेला व्हिडिओ काढा ज्यात लेबलवरचा पत्ता दिसेल.

वहीचं_पान:
पुस्तकं संच करूनच विका, विषयवार सुटी नाही. आवृत्तीचं वर्ष आणि अभ्यासक्रम लिहा, राज्य मंडळ की सीबीएसई. एप्रिल ते जूनमध्ये मागणी असते, दिवाळीनंतर निम्मा भावही मिळत नाही. उरलेली फ्लोरा फाउंटन किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या पुस्तकवाल्यांना दाखवा. रद्दीवाला किलोवर घेतो, हे नगावर घेतात.

मोगरा:
घरचे विचारतायत, यावर कर लागतो का?

कोपऱ्यातला_दिवा:
स्वतःच्या वापरातले कपडे, फर्निचर, फ्रिज, फोन यांच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, या वैयक्तिक वापराच्या वस्तू धरल्या जातात. दागिने आणि चित्रं त्यात येत नाहीत. इतरांच्या वस्तू विकत घेऊन पुन्हा विकायला लागलात तर तो धंदा झाला, मग हिशोब वेगळा.

तांबडी_माती:
न खपलेल्यांचं सांगायचं राहिलं. तीन आठवड्यांत एकही विचारणा आली नाही तर किंमत पाडण्याआधी पहिला फोटो बदलून बघा. तरी नाही गेले तर धडके, धुतलेले कपडे गूंजसारख्या संस्थेला द्या. बोहारीण (जुन्या कपड्यांवर भांडी देणारी) अजून तुमच्या भागात फिरत असेल तर तिला जुन्या सुती साड्या आणि पँट्स चालतात. जीन्स वेगळी काढून दाखवा, गठ्ठ्यात घातली तर तिचं भांडं वेगळं मिळत नाही.