मोबाईलची चिप मंगळावर उडाली, म्हणून काय झालं?

खडूस_भोसरीकर :
काल उडता_सोन्या यांनी एक व्हिडिओ बघून लिहिलं की नासाच्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरमध्ये मोबाईलची स्नॅपड्रॅगन ८०१ होती, ठरली होती ५ उड्डाणं आणि झाली ७२. तेव्हा इस्रो आणि संरक्षणवाल्यांनी स्पेस-ग्रेड, मिल-ग्रेडचे (अवकाशासाठी, लष्करासाठी खास तपासलेल्या भागांचे) चोचले बंद करून बाजारातला माल उचलावा. वर 'टक्केवारीचं गणित' हा टोमणा. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

अहो, ते हेलिकॉप्टर १.८ किलोचं. पडलं असतं तरी मोहीम चालूच राहिली असती, म्हणून त्यात मोबाईलची चिप गेली. ज्याच्या पोटाखाली लटकून ते मंगळावर पोचलं त्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरमध्ये मात्र तीच म्हातारी, अवकाशासाठी बनवलेली रॅड७५० चिप, फार तर २०० मेगाहर्ट्झची. नासाला वेगाचं वावडं आहे का? आणि हेलिकॉप्टरमध्येसुद्धा किरणोत्सर्ग सोसणारी एक एफपीजीए (आतली जोडणी हवी तशी करता येणारी चिप) पहाऱ्याला होती, उड्डाण सांभाळणारा एक संगणक (फ्लाइट कंट्रोलर) बिघडला की दुसऱ्याकडे सूत्रं देणारी. हे तुमच्या त्या व्हिडिओत नसेल.

रशियाचं मंगळाच्या चंद्राकडे निघालेलं फोबोस-ग्रुंट यान आठवा. नोव्हेंबर २०११ मध्ये उडालं, पृथ्वीभोवतीच घुटमळत राहिलं, जानेवारी २०१२ मध्ये पॅसिफिकमध्ये. चौकशीत ठपका कशावर? अवकाशातल्या कणांचा मारा न सोसलेल्या, अवकाशासाठी न बनवलेल्या परदेशी चिपांवर.

पैसे चिपचे नसतातच. ही कुठल्या लॉटची, आत काय आहे, भाजून-गोठवून-हलवून तिचं काय झालं, या कागदाचे असतात. आमच्याकडे एका संरक्षण खात्याच्या कामात पार्ट नंबर तोच, छापही तोच, पण नव्या लॉटमध्ये आतली डाय (सिलिकॉनचा तुकडा) बदललेली. टेबलावर झकास. थंडीच्या चाचणीच्या चेंबरमध्ये उणे तीसला मुकी. चौदा बोर्ड पुन्हा उतरवले, दिवाळी तिथेच झाली. चिप बनवणाऱ्यांना विचारलं तर उत्तर आलं, "डेटाशीटमध्ये शून्याच्या खालचं आम्ही कबूल केलेलंच नाही." बरोबरच आहे त्यांचं! वर्षाला दोनशे नग घेणाऱ्याला कोण विचारतो?

उडता_सोन्या :
काका, चौदा बोर्डांवरून देशाचं धोरण ठरवायचं का?

फोबोसची ती चौकशी तुम्हाला पटली? तेव्हाच जाणकारांनी विचारलं होतं, इतक्या खालच्या कक्षेत, संगणकाचे दोन्ही संच एकदम बिघडले, तेही उडाल्या उडाल्या? अवकाशातल्या कणांवर खापर फोडलं की कुणाची खुर्ची जात नाही. आणि कागदाचं एवढं कौतुक, तर आपल्या आयआरएनएसएस-१ए या दिशादर्शक उपग्रहाची तिन्ही रुबिडियम घड्याळं का बंद पडली? स्वित्झर्लंडहून आणलेली, अवकाशासाठीच घडवलेली. कागद होते ना त्यांचे?

२०१३ मध्ये पीएसएलव्ही-सी२० वरून ब्रिटनचा छोटा उपग्रह स्ट्रँड-१ गेला, आत चक्क नेक्सस वन फोन. आपल्याच रॉकेटवरून लोक प्रयोग करणार आणि आपण उणे तीसचं रडगाणं गाणार.

निवृत्त_खलाशी :
१९९४ मध्ये अमेरिकेच्या संरक्षणमंत्री पेरींनी फर्मान काढलं, मिल-स्पेक (लष्करी मानकं) सोडा, बाजारातलं घ्या. १९९७ मध्ये त्यांच्याच यॉर्कटाउन या क्रूझर युद्धनौकेवर एका रकान्यात शून्य भरला गेला. शून्याने भागाकार, बाजारातल्या विंडोज एनटीवर चालणारं संगणकांचं सगळं जाळं कोसळलं, जहाज पावणेतीन तास समुद्रात ढिम्म. ज्याने भर समुद्रात इंजिन बंद पडल्यावरची शांतता ऐकली आहे त्याने बोलावं.

उडता_सोन्या :
काका, शून्याने भागणारा प्रोग्राम काय विंडोजच्या खोक्यातून निघाला होता?

शिसेप्रेमी :
मूळ रोगाबद्दल कुणी बोलतच नाही. डाखातलं शिसं काढलं तिथेच घात झाला. २००६ पासून युरोपच्या नियमामुळे बाजारातला बहुतेक माल बिनशिशाचा. शुद्ध कथलाला मिशा फुटतात, केसाहून बारीक, आणि शॉर्ट करतात. १९९८ मध्ये गॅलेक्सी ४ उपग्रह याच मिशांनी गेला, अमेरिकेतले बहुतेक पेजर एका झटक्यात मुके. आता संरक्षणाच्या कामात बाजारातली बीजीए (पायांऐवजी पोटाखाली डाखाचे गोळे असलेली चिप) आली की तिचे गोळे काढा, शिशाचे बसवा. दोनदा भट्टी! चिप अर्धमेली तिथेच होते.

उडता_सोन्या :
१९९८ च्या उपग्रहाला २००६ चा नियम कसा लागला म्हणे?

शिसेप्रेमी :
कथील कथीलच असतं हो, तारीख बघून मिशा काढत नाही. नियमाने जे घरोघरी नेलं ते तिथे आधीच होतं, एवढंच. पण तुम्हाला काय सांगायचं. हल्लीच्या पोरांना डाख द्यायचं लोखंड धरता येत नाही, टोकाला टिनिंग (डाखाचा पातळ थर) करत नाहीत, डाखाचा नुसता मणी करून ठेवतात. आमच्या वेळी...

रेषा_आणि_रेझिस्टर :
"हल्लीच्या पोरांना"? माझ्या लाईनवर बावीस बायका आहेत. मोहरीपेक्षा बारीक भाग मायक्रोस्कोपखाली हाताने बसवतात, बिनशिशाच्या तारेने, ३५० अंशांवर बिट (लोखंडाचं टोक) ठेवून. तुमच्या शिशाच्या धुरात वीस वर्षं बसलेल्या मावशींचं रक्त तपासलंत कधी? धूर ओढणारा पंखा मागितला तर "आम्ही नाही का केलं" हेच उत्तर मिळायचं.

शिसेप्रेमी :
शिसं ३५० ला वाफ होत नाही ताई. तो धूर फ्लक्सचा, डाख नीट धरावा म्हणून तारेत घालतात त्याचा.

रेषा_आणि_रेझिस्टर :
मग फ्लक्स काय अंगारा आहे? दमा त्यानेच होतो. आणि शिसं हातावरून डब्यातल्या पोळीत जातं, हे नका शिकवू.

शिसेप्रेमी :
बरं, पंख्याचं मान्य. पण मिशांचं मागे घेत नाही.

तापकीर_गल्ली :
दोघेही थांबा. मिशा यायला चिप आधी खरी तर हवी! घासून नवा नंबर छापलेल्या किती फिरताहेत? अमेरिकेच्या सिनेट समितीने २०१२ च्या अहवालात लष्करी पुरवठ्यातले संशयित नकली नग १० लाखांवर मोजले.

उडता_सोन्या :
म्हणजे मिल-ग्रेडच्या कागदासकट आत शिरले. थँक्यू.

खडूस_भोसरीकर :
घड्याळांचा मुद्दा मान्य. आनंद झाला? घ्या पेढे. कागद असून पडतं. पण कागद असला की कुठला लॉट बाद करायचा ते तरी कळतं. फोनचा उपग्रह खुशाल सोडा, मी अडवलंय? क्षेपणास्त्रात बसवाल तेव्हा मात्र बटण तुम्हीच दाबा, मी आळंदीला असेन.

उडता_सोन्या :
छोट्या उपग्रहांना चालेल, हे तरी तोंडातून निघालं. स्क्रीनशॉट ठेवलाय.

निवृत्त_खलाशी :
माझ्या यॉर्कटाउनचं उत्तर अर्धंच दिलंत. एका प्रोग्रामच्या चुकीने अख्खं जहाज का थांबावं?

रेषा_आणि_रेझिस्टर :
अवांतर : ६३-३७ ची (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) चांगली डाखाची तार पुण्यात कुठे मिळते? दुरुस्तीच्या जुन्या बोर्डांना लागते. (शिसेप्रेमी, हसू नका.)

शिसेप्रेमी :
हसलो.

तापकीर_गल्ली :
आमच्याकडे या. पण रीळ घेताना थोडी वितळवून बघा. डाख चकचकीत बसला तर ठीक, नुसता धूर आला तर परत द्या.