तरंगत्या वस्त्यांच्या स्पर्धा: बक्षीस चित्राला द्यायचं की तराफ्याला? (पाच जणांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

डोलकाठी

समुद्रावर कायमची राहता येईल अशी तरंगती वस्ती कशी असावी, यावर अधूनमधून रचना-स्पर्धा निघतात. त्यातल्या गाजलेल्या दोन सीस्टेडिंग इन्स्टिट्यूटच्या. ही अमेरिकी संस्था २००८ साली सुरू झाली; सीस्टेडिंग म्हणजे समुद्रात, जमेल तर देशांच्या हद्दीबाहेर, स्वतःच्या नियमांची वस्ती करणं. २००९ च्या स्पर्धेत हंगेरीच्या आंद्राश ग्योर्फी यांची 'स्विमिंग सिटी' पहिली आली आणि २०१५ मध्ये 'आर्टिसनोपोलिस' जिंकली. दोन्ही अजून कागदावरच आहेत.

कागदावर राहिल्या याबद्दल तक्रार नाही. घरबांधणीच्या स्पर्धांमधलंही बरंचसं कागदावरच राहतं. पण जमिनीवरच्या स्पर्धेत खांबाशिवाय उभा राहिलेला पाच मजली वाडा कोणी पाठवला तर पहिल्या चाळणीतच बाहेर पडतो. पाण्यावरच्या स्पर्धेत मात्र ज्याचं वजन कोणी मोजलेलंच नाही असा तराफा अंतिम फेरीत पोचतो, कारण चित्रात समुद्र सपाट असतो.

माझं म्हणणं: परीक्षक मंडळात नौकास्थापत्याचा (जहाजांच्या रचनेच्या शास्त्राचा) एक जाणकार हवा आणि त्याला नकाराधिकार हवा. प्रत्येक प्रवेशिकेसोबत वजनाचा तक्ता, स्थिरतेचं गणित आणि जागेची खोली व लाट लिहिलेली हवी. नसेल तर प्रवेशिका बाद.

चौकोनी खिडकी

असहमत. तुम्ही निविदा आणि स्पर्धा यांची गल्लत करताय.

२०१५ च्या स्पर्धेत तराफा स्पर्धकाने ठरवायचाच नव्हता. त्याआधी डेल्टासिंक या डच कंपनीने संस्थेसाठी अभ्यास करून ५० मीटर बाजूचे चौकोनी आणि पंचकोनी प्रबलित काँक्रीटचे तराफे सुचवले होते, त्यांवर तीन मजल्यांपर्यंत बांधकाम. स्पर्धकांनी त्या तराफ्यांवर वस्ती मांडायची होती. म्हणजे अभियंता आधी येऊन गेला होता. मग रस्ता कुठून जाईल, वारा कुठे अडेल, मुलं कुठे खेळतील, हे वास्तुरचनाकाराला विचारलं तर बिघडलं कुठे?

आणि गणित करून उतरलेल्या प्रकल्पांचं तरी काय झालं? जपानचा मेगा-फ्लोट हा टोकियो उपसागरात खरोखर बांधलेला १००० मीटर लांबीचा पोलादी तरंगता धावपट्टा. विमानं उतरवून चाचण्या झाल्या आणि नंतर तुकडे करून विकला. एक तुकडा हौशी मासेमारीचं उद्यान म्हणून वापरात होता, तो २०११ मध्ये फुकुशिमाचं दूषित पाणी साठवायला नेला. ओकिनावाच्या १९७५ च्या प्रदर्शनातलं वास्तुरचनाकार कियोनोरी किकुताके यांचं अक्वापोलिस हे तरंगतं शहर, १०० मीटर बाजूचं, २००० साली भंगारात गेलं. दोन्हीकडे गणित चोख होतं. कायमची वस्ती कुठेच झाली नाही; कोणाला तिथे का राहावंसं वाटेल हा प्रश्न कोणी नीट विचारलाच नव्हता. स्पर्धा तो प्रश्न विचारते.

खारेपाट

तराफा आधी ठरलेला होता म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. ५० मीटरचा तराफा हातात दिला तरी त्यावर काय ठेवता येतं हे मोजावंच लागतं. बेरीज-गुणाकारच आहे, करून बघू.

उंची ४ मीटर धरतो (माझं गृहीतक, डेल्टासिंकचं नव्हे). तळाचा स्लॅब ३० सेंमी म्हणजे ७५० घनमीटर. वरचा २५ सेंमी, ६२५. बाहेरच्या भिंती ३० सेंमी, साधारण २०७. आत दर ५ मीटरवर दोन्ही दिशांनी २० सेंमीच्या आडभिंती, साधारण ६२०. एकूण २२०० घनमीटर, अडीच टनांच्या हिशोबाने ५५०० टन. समुद्राच्या पाण्यात हा तराफा १ सेंमी बुडायला २५.६ टन लागतात. म्हणजे रिकामा तराफाच २ मीटर १५ सेंमी पाण्यात.

आता अर्ध्या जागेवर तीन मजले, नेहमीचं आरसीसी, राहणाऱ्यांसकट चौरस मीटरला ०.८ टन: ३००० टन, १ मीटर १७ सेंमी. पाव जागेवर अर्धा मीटर ओली माती, कारण प्रत्येक चित्रात बाग असतेच: ५६० टन, २२ सेंमी. बेरीज ३ मीटर ५४. पाण्याच्या वर उरलं ४६ सेंमी.

मीटरभर उंचीची लाट कडेवर आपटली की पाणी सरळ अंगणात. ही उंची एकाही चित्रात दिसत नाही. चित्रात तराफ्याची कड पाण्यापासून पुरुषभर वर असते.

चौकोनी खिडकी

आडभिंती १० मीटरवर घ्या. ८६० टन कमी होतील, तराफा ३४ सेंमी वर येईल.

खारेपाट

येईल. पण मग वरचा स्लॅब १० मीटर पल्ल्याचा होतो, २५ सेंमीत भागत नाही, खाली तुळया द्याव्या लागतात. वाचवलेल्यातलं बरंच वजन तिथे परत येतं.

आणि दुसरं. आडभिंती वजन वाहायलाच नसतात, पाणी अडवायलाही असतात. एखादी होडी कोपऱ्यावर आदळली आणि एक कप्पा भरला असं धरा. ५ मीटरच्या कप्प्यात ८०-९० टन पाणी शिरतं, तो कोपरा २० सेंमीच्या आसपास खाली जातो, ४६ पैकी निम्म्याहून जास्त उंची शिल्लक राहते. १० मीटरच्या कप्प्यात तीनशे टनांच्या घरात पाणी, कोपरा जवळजवळ ७० सेंमी खाली. तुमच्या ८० सेंमीतले १० उरले. कप्प्यात थर्माकोल भरला तर हे टळतं, पण मग आतून भिंतीची तडा-गंज तपासणी बंद.

इमारती मात्र हलक्या करता येतील. लाकडी किंवा पातळ पोलादी चौकट, चौरस मीटरला ०.४ टन. मग पाण्यावरची उंची १ मीटर ४ सेंमी होते. हा बदल वास्तुरचनाकाराच्याच हातातला आहे, म्हणून तक्ता त्यानेच भरायला हवा.

डोलकाठी

खारेपाट, हिशोब पटला. यावरून माझीच एक मागणी मागे घेतो. स्थिरतेचं गणित मागण्यात अर्थ नाही. इतक्या रुंद आणि उथळ तराफ्याची मेटासेंट्रिक उंची (ती जितकी जास्त तितकं उलटणं कठीण) ५५-६० मीटर येते, जहाजाची एक-दोन मीटर असते. हा उलटणार नाही.

पण त्याच कारणाने तो लाटेला चिकटून हलतो. ८ सेकंदांची लाट खोल पाण्यात १०० मीटर लांब असते. ३ मीटर उंचीची अशी लाट, वादळी अजिबात नव्हे, तराफ्याखालून गेली की तराफा बरोबर अर्ध्या लाटेवर बसतो. उतारावर चार अंशांच्या आसपास झुकतो, मध्यभागी वर-खाली हलण्याचं त्वरण आरएमएस (एक प्रकारची सरासरी) सुमारे ०.०४ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण), कडेला ०.०९ च्या जवळ. पर्यटन-जहाजावरच्या प्रवाशांसाठी नॉर्डिक देशांच्या संशोधन प्रकल्पाने १९८७ मध्ये सुचवलेली मर्यादा ०.०२ आहे. तिथे माणूस आठवडाभर राहतो, इथे जन्मभर राहायचंय.

शेजारचा तराफा त्याच क्षणी उलट बाजूला चार अंश झुकलेला असतो. सांध्यावर आठ अंशांची घडी, दर चार सेकंदांनी एकदा इकडे, एकदा तिकडे. त्या सांध्यावरून चित्रात पाण्याची वाहिनी, विजेची तार आणि सायकलचा रस्ता जातो!

चौकोनी खिडकी

सांधा होऊ शकतो. मोनाकोचा तरंगता बंधारा बघा. ३५२ मीटर लांब, १,६३,००० टनांचा, स्पेनमध्ये अल्हेसिरासला बांधून २००२ मध्ये ओढत आणला आणि किनाऱ्याला एका पोलादी गोलक-सांध्याने जोडला.

डोलकाठी

होतो, आणि त्या एका सांध्याचं वजन ७७० टन आहे. तो एकच आहे आणि किनाऱ्यावरच्या भक्कम बांधकामात बसवलाय. दहा तराफ्यांच्या वस्तीत असे डझनभर लागतील.

तेही राहू द्या. मोनाकोचा बंधारा १६ मीटर पाण्याखाली जातो, म्हणून लाट अडवतो. स्पर्धेच्या चित्रांत वस्तीभोवती जी नाजूक कमान काढतात आणि 'लाटारोधक' लिहितात, ती दोन मीटर खोल असेल तर १०० मीटर लांबीची लाट तिच्याखालून निघून जाते.

उधाण

नांगराबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

मुंबईसमोरच्या समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्रावर खोली ७५ मीटरच्या आसपास. झोळासारखी सैल सोडलेली साखळी खोलीच्या सहा-सात पट लागते, म्हणजे एकेक ५०० मीटर. आठ साखळ्या, ४ किलोमीटर. ८४ मिमी जाडीची कडीची साखळी मीटरला दीडशे किलोवर भरते. सहाशे टन लोखंड, त्यातला लटकणारा भाग तराफ्याला खाली ओढणार. खारेपाट, तुमच्या तक्त्यात हा रकाना नाही. झिजते ती दोन जागी: तराफ्याला जिथे अडकते तिथे आणि तळावर जिथे टेकते-उचलते तिथे. दुसरी जागा पाणबुड्याशिवाय दिसत नाही.

आणि तरंगती वस्ती आपल्याकडे नाही असं समजू नका. तेलक्षेत्रावर कामगारांना राहायला असलेले बार्ज म्हणजे दुसरं काय? १७ मे २०२१, तौक्ते वादळ. पी-३०५ या बार्जवर २६१ जण होते. नांगर सुटले, बार्ज वाहत जाऊन तेलविहिरीच्या प्लॅटफॉर्मवर आदळला, भोक पडलं, बुडाला. साठाहून जास्त माणसं गेली. अशा बार्जला वादळाआधी बंदरात आणता येतं, तो सुटकेचा मार्ग असतो. वस्तीला तो नाही. वस्तीचा नांगर शंभर वर्षांतल्या वाईटात वाईट वादळासाठीच हवा, आणि एक साखळी तुटलेली असतानाही पुरला पाहिजे.

म्हणून डोलकाठींची जागेची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 'समुद्र' ही जागा नव्हे.

चौकोनी खिडकी

जागेचं मान्य. पण जागा नीट निवडली तर तुमच्या निम्म्या हरकती गळून पडतात. सीस्टेडिंगवाले प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियात गेले ते त्याचसाठी: प्रवाळाच्या कड्याआड लाट कड्यावरच फुटते, आतलं पाणी शांत. दक्षिण कोरियातल्या बुसानसाठी २०२२ मध्ये मांडलेला ओशनिक्स कंपनीचा आराखडा ६.३ हेक्टर आणि १२,००० माणसांचा आहे, तो तर बंदरात, पुलांनी जमिनीला जोडलेला. तिथे आठ अंशांची घडी पडत नाही.

बारा मैल

तिथे दुसरी घडी पडते, कायद्याची.

कड्याआडचं आणि बंदरातलं पाणी कोणत्या ना कोणत्या देशाचं असतं. फ्रेंच पॉलिनेशियाशी जानेवारी २०१७ मध्ये सामंजस्य करार झाला, स्थानिकांचा विरोध वाढला, २०१८ मध्ये तिथल्या सरकारने विषय संपवला. नवं शासन, नवे नियम हे स्वप्न विकायचं तर बाहेर जावं लागतं, आणि बाहेर गेलं की लाट.

किती बाहेर, हेही स्पर्धकांना माहीत नसतं. सागरी कायद्याच्या संयुक्त राष्ट्र कराराप्रमाणे १२ सागरी मैलांपर्यंत देशाचं सार्वभौमत्व. पण २०० मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रातही कृत्रिम बेट बांधू देण्याचा हक्क एकट्या किनारी देशाचा आहे, कलम ६०. त्याच कलमात लिहिलंय की कृत्रिम बेटाला बेटाचा दर्जा नाही, स्वतःचा सागरी पट्टाही नाही. फुकेतजवळ २०१९ मध्ये एका जोडप्याचं तरंगतं घर थायलंडच्या नौदलाने ओढून नेलं. ते १२ मैलांच्या बाहेर असल्याचा दावा होता. त्याआधी रिमिनीसमोर १९६८ मध्ये स्वतःला देश जाहीर करणारा रोझ आयलंडचा ४०० चौरस मीटरचा चौथरा इटलीने पुढच्याच वर्षी सुरुंगाने उडवला.

आणखी एक गंमत, मैल्याची. वस्ती जहाज म्हणून कोणाचा तरी झेंडा घेणार असेल तर मारपोल या जहाजांच्या प्रदूषणावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं चौथं परिशिष्ट लागतं. प्रक्रिया न केलेला मैला १२ मैलांपलीकडे सोडता येतो, पण जहाज किमान ४ नॉट (तासाला ४ सागरी मैल) वेगाने चालत असताना! नांगरलेल्या वस्तीला ती सवलत नाही. मान्यताप्राप्त शुद्धीकरण यंत्रणा बसवावीच लागेल, तिची जागा, वीज आणि गाळ साठवायची टाकी धरून. किती चित्रांत ती खोली दाखवलेली असते?

चौकोनी खिडकी

इतक्या अटी घालाल तर प्रवेशिका फक्त तेलकंपन्यांच्या कचेऱ्यांमधून येतील.

मला वजनाचा तक्ता मान्य. जागेचं नाव, खोली आणि लाटेचा आवर्तकाल मान्य. मैल्याची खोली मान्य, ती खरंच विसरली जाते. नकाराधिकार मान्य नाही. पहिली फेरी मोकळी ठेवा. निवडलेल्या पाच-सहांना दुसऱ्या फेरीत आयोजकांनी खर्च करून नौकास्थापत्याचा माणूस जोडून द्यावा आणि चित्र बदलायला तीन महिने द्यावेत. आधी बाद करण्यापेक्षा नंतर दुरुस्त करणं शहाणपणाचं.

डोलकाठी

तीन महिन्यांत साखळी आणि इमारती दुरुस्त होतील. पण सुरुवातच 'भर समुद्रात, ५० मीटरचे उथळ तराफे, सांध्यांवरून रस्ता' अशी असेल तर दुरुस्ती म्हणजे नवी रचना. खांबांवर उचललेला, खोल बुडवलेला अर्धपाणबुडी प्रकार घ्यावा लागतो, तेलाच्या प्लॅटफॉर्मसारखा. तो लाटेत शांत राहतो, पण वजन सोसत नाही, बागेची माती तिथे पहिली जाते. मूळ चित्रातलं काही उरत नाही. तरी दोन फेऱ्यांची सूचना नकाराधिकाराऐवजी चालेल, आयोजक खर्च करणार असतील तर.

खारेपाट

दुसऱ्या फेरीत एक नियम लिहून ठेवा: वजन कमी होत नसतं, वाढतंच. तक्त्यात किमान १० टक्के राखीव धरा. हलक्या चौकटीनंतरच्या साडेसात हजार टनांवर ते ७५० टन झाले, म्हणजे ३० सेंमी. एक मीटर चारमधून वजा केले की ७४ उरले. आणि पिण्याच्या पाण्याच्या टाक्या अजून मोजलेल्याच नाहीत.