वाळवंटातली बेवारस बीटल: आधी ट्रेलर की आधी कागद?

मोहावीकर

कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात, ट्वेन्टीनाइन पाम्स गावाच्या पूर्वेला, पडक्या केबिनच्या मागे वाळूत रुतलेली फोक्सवॅगनची १९६७ ची बीटल दिसली, टायटल (मालकीचा कागद) कसं काढू, असा प्रश्न परवा इथे आला होता. सगळ्यात जास्त अनुमोदन मिळालेलं उत्तर: "ट्रेलर लावा, उचला, बाँड भरा, गाडी तुमची." हा सरळ चोरीचा सल्ला आहे. शिवाय देणाऱ्याला बाँड (टायटल काढताना द्यायची हमी) कशासाठी असतो हेच माहीत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

कॅलिफोर्नियात बाँडचा प्रश्न येतो तो गाडीची किंमत ५,००० डॉलर किंवा जास्त असेल तेव्हा. पॅन (गाडीचा तळाचा पत्रा) सडलेली, काचा फुटलेली बीटल त्या आकड्याच्या आसपासही जात नाही. तिच्यासाठी डीएमव्हीचे, म्हणजे वाहन नोंदणी खात्याचे, मुख्य कागद तीन: आरईजी ३४३ (टायटलचा अर्ज), आरईजी ३१ (गाडीची तपासणी) आणि आरईजी २५६ (तुमचं निवेदन). यातला २५६ शपथेवर भरायचा असतो. गाडी कुणाकडून मिळाली, तिथे काय लिहिणार? बाँड भरला तरी तो मालकी देत नाही. तीन वर्षांत खरा मालक उभा राहिला तर त्याला भरपाई मिळावी एवढाच त्याचा उपयोग, आणि बाँडवाली कंपनी ते पैसे तुमच्याकडूनच वसूल करते.

तेव्हा आधी जमीन बघा. जीपीएसचे आकडे घ्या, सॅन बर्नार्डिनो काउंटीच्या असेसरच्या (जमिनींची करनोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) नकाशावर तुकडा शोधा. त्या भागात बीएलएमची (केंद्र सरकारच्या जमीन खात्याची) जमीन, लष्कराचा तळ आणि १९३८ च्या कायद्यानं वाटलेले पाच-पाच एकरांचे खासगी तुकडे एकमेकांना चिकटून आहेत; डोळ्यांना सीमा दिसत नाही. बीएलएमची निघाली तर हात लावू नका. ५० वर्षांपुढची वस्तू तिथे ऐतिहासिक अवशेषात मोजली जाऊ शकते. शेरिफला कळवा. त्यांनी टो करून लिलावात काढली तर तिथून घ्या.

खासगी निघाली तर जमीनमालकाचा पत्ता असेसरकडे असतोच. पत्र टाका. केबिनच्या मागची गाडी बहुतेक वेळा केबिनवाल्याचीच असते आणि तो आता हयात नसतो. वारस सापडला की आरईजी ५ (वारसानं गाडी हस्तांतरित करायचा फॉर्म) भरून घ्यायचा. मृत्यूनंतर ४० दिवस उलटलेले हवेत आणि प्रोबेट (वारसाहक्काचं कोर्टातलं काम) चालू नको. वारसाची सही आणि विक्रीची पावती हातात आली की गाडी कायदेशीर तुमची. मग खुशाल ट्रेलर आणा.

ट्रेलरवाला

ते उत्तर माझं होतं. चोर म्हणण्याआधी वाळवंट एकदा नीट बघा. पत्रं पाठवत बसाल तोवर कुणीतरी दारांवर नेमबाजी करून जातं, नाहीतर भंगारवाला गॅस कटर घेऊन येतो. गाडी वाचवायची की फाईल? डीएमव्हीच्या चालू नोंदीतून इतकी जुनी गाडी केव्हाच गेलेली असते. शोधायचं कुणाला? आणि कॅलिफोर्नियाचा एवढा जाच असेल तर व्हरमाँट राज्याचं रजिस्ट्रेशन पोस्टानं मागवायचं, १५ वर्षांपुढच्या गाडीला तिथे टायटल लागत नाही.

मोहावीकर

व्हरमाँटनं बाहेरच्या लोकांसाठी ते दार २०२३ मध्ये बंद केलं. जुने व्हिडिओ बघून सल्ले देऊ नका.

डीएमव्हीत नोंद नाही म्हणजे मालक नाही, असं होत नाही. आणि "भंगारवाला नेईल" हे कारण सीएचपीच्या (कॅलिफोर्नियाच्या महामार्ग पोलिसांच्या) अधिकाऱ्याला सांगून बघा. जमीनमालकसुद्धा ती गाडी परस्पर विकू शकत नाही. त्यालाही वाहन कायद्याच्या २२६५८ कलमाखाली टो करवून लीन सेलमधूनच (टोच्या थकबाकीपोटी होणाऱ्या विक्रीतून) जावं लागतं.

आणखी एक, कारण इथे लोक हमखास घाण करतात. ६७ चा चासी नंबर दोन ठिकाणी: पुढच्या हुडखाली स्टेपनीमागच्या पट्टीवर आणि मागच्या सीटखाली टनेलवर (तळाच्या मधल्या उंचवट्यावर) कोरलेला. सुरुवात ११७ नं होते, पुढे सहा आकडे. टनेलवर गंज असेल तर तेलाचा बोळा लावून चिंधीनं पुसा. ग्राइंडर नको, तारेचा ब्रशसुद्धा नको. घासल्याच्या खुणा दिसल्या की तपासणी तिथेच अडकते. वाळवंटात बग्गी (वाळूत पळवायची उघडी गाडी) बनवण्यासाठी पॅन अदलाबदल केलेल्या बीटल खूप. दोन नंबर जुळत नसतील तर गाडी घेण्याआधीच थांबा. इंजिन नंबर मात्र फॉर्मवर गाडीचा नंबर म्हणून लिहू नका, ती इंजिनं चार गाड्या फिरलेली असतात.

कोथरूड गॅरेज

तुमच्याकडे निदान २५६ तरी आहे! आपल्याकडे भारतात २०२१ च्या नियमानं ५० वर्षांपुढच्या गाडीला व्हीए ही व्हिंटेज नंबरांची मालिका मिळते, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण गाडी आधी भारतात नोंदलेली असेल तर जुनं आरसी मागतात. आरसी वाळवीनं खाल्लं, मालक वारला, मुलं परदेशात, की संपलं. किती चांगल्या गाड्या गोठ्यात सडतायत.

ट्रेलरवाला

कोथरूड, तुमचं खरं आहे, पण विषय तो नाही. गाडी हलवायची कशी यावर इथे कुणी बोलतच नाही. इंजिन जाम असणारच. चारही प्लग काढा, निम्मं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) निम्मं अ‍ॅसिटोन ओता, आठवडाभर ठेवा, मग ३० च्या पान्यानं क्रँकची पुली मागे-पुढे करा. नाही सुटलं तर गॅसच्या टॉर्चनं गरम करा.

एकचारतीनदोन

टॉर्च?? क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे आणि भोवती पन्नास वर्षांचं तेल. असं लिहू नका, कुणीतरी खरंच करेल.

आणि ते मिश्रण उभ्या सिलिंडरच्या इंजिनाचा उपाय आहे. बीटलचे सिलिंडर आडवे. ओतलेलं खालच्या बाजूला साचतं, रिंगचा वरचा अर्धा भाग कोरडाच राहतो, आणि नेमका तोच धरलेला असतो. ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व उघडा राहिलाय त्यातलं सगळं तर सरळ सायलेन्सरमध्ये जातं.

इंजिन गाडीला चार ठिकाणी बांधलेलं आहे. १७ चा पाना, खाली जॅक, वजन शंभर किलोच्या आसपास. बाहेर काढून हेड उतरवा, पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्या. सिलिंडरच्या पंख्यांवर हातोडा नको, चटकन तुटतात. नाहीच सुटलं तर फोडा. ८३ मिलिमीटरचा पिस्टन-सिलिंडरचा संच काढून ८५.५ चा त्याच भोकात बसतो आणि नवीन मिळतो. जोडताना १० मिलिमीटरच्या स्टडवर हेडचे नट २३ फूट-पाउंड, जास्त नाही. मॅग्नेशियममधले आटे उपटून येतात.

ट्रेलरवाला

स्टँडवर इंजिन कलतं करून एकेका बाजूचे सिलिंडर उभे केले तर मिश्रण बसतंच की. सगळं फोडायची घाई कशाला?

एकचारतीनदोन

स्टँडवर, हो. तेवढं मान्य. पण तुम्ही स्टँड म्हणालाच नव्हतात, गाडीत ओता म्हणालात.

आणि सुटलं म्हणून लगेच चावी मारू नका. फॅनचं आवरण काढल्याशिवाय वाळवंटातली बीटल चालू करायची नाही. त्यात उंदरांचं घरटं असतं: सीटमधला काथ्या, काटक्या, लेंड्या, सिलिंडरच्या पंख्यांमध्ये घट्ट कोंबलेलं. हवाच जात नाही, आणि ६७ ला ऑइल कूलर आवरणाच्या आतच असल्यानं तीन नंबरचा सिलिंडर आधीच जास्त तापतो. पाच मिनिटांत काम तमाम. घरटं कोरडं झाडू नका, हंता विषाणूचा धोका असतो. ब्लीचचं पाणी फवारून भिजवा, मास्क लावा, मग उचला.

कोथरूड गॅरेज

बॅटरीसुद्धा मागच्या सीटखाली, उजवीकडे. तिथली पॅन हमखास गेलेली. गाडी उचलताना तिथे जॅक लावला तर आरपार जाईल.

मोहावीकर

इंजिनावर एवढं लिहिलंत, आणि गाडी अजून कुणाची ते ठरलं नाही. प्रश्न विचारणाऱ्यानं निदान असेसरचा नकाशा उघडून बघितला का?

ट्रेलरवाला

ठीक आहे. आरईजी ५ चा रस्ता मला माहीत नव्हता आणि तो बाँडपेक्षा स्वस्त पडतो, हे मानतो. "ट्रेलर लावा, उचला" हे उत्तर मी खोडतोय. पण बीएलएमच्या जमिनीवरची चांगली गाडी "हात लावू नका" म्हणून सडू द्यायची, हे मला पटलेलं नाही आणि पटणार नाही.

मोहावीकर

पटू नका. तिकीट फाटलं की इथे लिहा.

एकचारतीनदोन

कागद झाले की न्यायच्या वेळी: चार चाकं सोबत न्या, पाच बोल्टची, बोल्टच्या वर्तुळाचा व्यास २०५ मिलिमीटर. ६८ पासूनची चार बोल्टची बसत नाहीत. मागचे ब्रेकचे ड्रम जाम असतील तर आधी हँडब्रेकच्या केबल लिव्हरपाशी सोडा, मग ड्रमच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून अ‍ॅडजस्टर मागे फिरवा. एवढ्यानं चाक फिरलं तर चाकाच्या मधल्या ३६ च्या नटाला हात लावायची गरजच नाही. तो २१७ फूट-पाउंडवर बसवलेला असतो, वाळूत उभं राहून सुटत नाही.