मदत हवी आहे: गाडीच्या दारांखाली चिकटवलेला साइड स्कर्ट (बाहेरची लांब पट्टी) रंग न उखडता कसा काढायचा?

२०१६ची स्विफ्ट. आधीच्या मालकाने बसवलेला फायबरचा साइड स्कर्ट मागच्या चाकापाशी तडकलाय; नवा आणून ठेवलाय. खालचे स्क्रू काढले. वरची कड डबल टेपवर, मधे काळं पीयू (पॉलीयुरेथेन, रबरासारखं घट्ट चिकटणारं सीलंट). हेअर ड्रायरने तापवून मासेमारीची नायलॉन दोरी करवतीसारखी ओढली. टेप कापली गेली, पीयूपाशी दोरी दोनदा तुटली. गॅरेजवाला म्हणतो, 'ओढून काढू, मग रंग मारू.' तेच तर नकोय, रंग अजून मूळचा आहे. म्हणून पटाशी आणि थिनरही लांबच ठेवलंय.

विंडशील्ड कापायची पिळाची तार इथे चालेल, की रंग खरवडेल? आणि पत्र्यावरचं जुनं पीयू पूर्ण काढायचं, की काचेला करतात तसा पातळ थर ठेवून त्यावरच नवं लावायचं?